एकट्या चेलोवरची सार्दाना

नोव्हेंबर लागला की नागपुरात संत्र्यांच्या हातगाड्या येतात, दुपारचं ऊन सोसवायला लागतं आणि दिवेलागणीलाच लोक कपाटातून स्वेटर काढतात. वर्षातले हे सगळ्यात चांगले दिवस, असं इथं सगळेच म्हणतात. माझे कान मात्र सकाळी जाग आली की एका यंत्राची घरघर शोधतात. अमेरिकेत, पार्सिपनीला, आमच्या अपार्टमेंटच्या आवारात या दिवसांत दोन माणसं पाठीवर यंत्र बांधून वाळकी पानं फुंकत फिरायची. एका झाडाखालची पानं हाकलून पुढच्या झाडापाशी जाईपर्यंत मागच्या झाडानं पुन्हा पानं टाकलेली असायची. इथं तसली पानगळ नाही. समोरचा कडुनिंब हिरवागार उभा आहे. तरी दर वर्षी या महिन्यात मी मनानं तिकडेच असते, २००३च्या त्या पानगळीत.

त्या ऑगस्टमध्ये माझा नवरा, मिलिंद, गेला. ऑफिस सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये, गाडीचं दार उघडून आत बसायच्या आधी. हार्ट अटॅक. त्याला कुठलंही दुखणं नव्हतं, शनिवारी बॅडमिंटन खेळायचा. माझी मुलगी सानिका तेव्हा पंधरा वर्षांची होती. पोलिसांचा फोन आला तेव्हा ती तिच्या खोलीत चेलो वाजवत होती. मी फोन ठेवला, तरी बराच वेळ तिच्या दारापाशी नुसती उभी राहिले. आत जाईन तेव्हा हे वाजणं थांबेल, एवढंच मला कळत होतं.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचं ते भलंमोठं वाद्य. त्याचा आवाज माणसाच्या आवाजाच्या फार जवळचा, त्यातही पुरुषाच्या. सानिकाला शाळेच्या ऑर्केस्ट्रात ते मिळालं आणि तिनं ते सोडलं नाही. वाद्य दुकानातून भाड्यानं आणलेलं होतं. शिकवायला मिसेस फेरेर होत्या. पांढऱ्या केसांचा बॉब, कायम एकच करडा कार्डिगन. आमच्यापासून दहा मिनिटांवर, रूट ४६च्या पलीकडे, त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये त्या शिकवायच्या. त्या मूळच्या स्पेनच्या, पण त्यांना स्पॅनिश म्हटलेलं चालायचं नाही. "मी कॅटलान," त्या म्हणायच्या, आपल्याकडे कोणी ठासून सांगावं की मी विदर्भातली, तसं.

त्या वर्षीच्या रीजनल ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनसाठी त्यांनी सानिकाला त्यांच्याच देशातल्या एका संगीतकाराची रचना दिली होती. एकट्या चेलोसाठी लिहिलेली, साथीला दुसरं काहीही नाही. तिचा एक भाग म्हणजे सार्दाना. सार्दाना हा त्यांच्याकडचा लोकनाच. रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर समोरच्या चौकात लोक हातात हात घेऊन गोल करतात आणि नाचतात. म्हातारे, पोरं, दुकानदार, कोणीही. शेजारी वाद्यवृंद बसलेला असतो, आणि सुरुवात करतो तो एक लहानशी बासरी वाजवणारा. एका हातानं बासरी आणि दुसऱ्या हातानं कोपराला बांधलेली इवलीशी ढोलकी. हे सगळं त्या संगीतकारानं एका चेलोत बसवलं होतं. सुरुवातीला तारेवर बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. त्यातून शीळ घातल्यासारखा बारीक स्वर निघतो, तीच ती बासरी. मग खाली जाड तारांवर पावलं पडायला लागतात.

जुलैमध्ये सानिका ती बसवत होती तेव्हा मिलिंद स्वयंपाकघरात भांडी डिशवॉशरला लावत होता. तो पुण्यात शाळेच्या लेझीम पथकात होता, आणि ते अंगातून कधी गेलं नव्हतं. हातात दोन चमचे घेऊन तो हॉलमध्ये आला.

"अगं, हे तर लेझीम आहे!" म्हणाला, आणि वाकून, उठून, एक पाय पुढे टाकून नाचायला लागला.

"बाबा, स्टॉप! इट्स नॉट इव्हन द राइट बीट!" सानिका हसत ओरडली.

"बीट तू सांभाळ. मी पाय सांभाळतो."

त्याचं नाचणं आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या जागेत तो पंच्याण्णव किलोचा माणूस, मोजे घातलेल्या पायांनी, कार्पेटवर आवाज न करता नाचत होता.

तो गेल्यावर दोन आठवड्यांनी कंपनीच्या वकिलीणबाईंचा फोन आला. आवाज इतका मऊ होता की आधी मला वाटलं, सांत्वनाचाच आहे. मी आणि सानिका मिलिंदच्या व्हिसावर होतो. तो नाही, म्हणजे आमचंही इथं असणं संपलं. पाहुणे म्हणून काही महिने मागता येतील, त्या म्हणाल्या, तेवढ्यात सगळं आवरा. मी "थँक यू" म्हटलं. आपण अशा वेळी थँक यू का म्हणतो, कोण जाणे.

अशा वेळी माणसं लागतात आणि आम्हाला ती मिळाली. सगळ्यांच्या पुढे होत्या शैलाकाकू. मूळच्या सांगलीच्या, निवृत्त बालरोगतज्ज्ञ, आमच्या आधी कितीतरी वर्षं अमेरिकेत आलेल्या. साडीवर पांढरे स्नीकर्स घालून त्या आपली लांबलचक गाडी स्वतः चालवत यायच्या. मला ड्रायव्हिंग येत होतं, पण त्या दिवसांत मी गाडीची किल्लीच उचलत नव्हते. सानिकाचे क्लास, बँक, सोशल सिक्युरिटीचं ऑफिस, सगळीकडे त्याच न्यायच्या.

"रडायचं तर रड, बाळ," त्या डबा उघडत म्हणायच्या, "पण वरणभात गार होतोय."

सानिका रडली नाही. भारतातून आजीआजोबांचा फोन आला तरी नाही. तिनं सार्दाना बाजूला ठेवली आणि मिसेस फेरेरना सांगितलं, मला ही नको, सॅराबांद द्या. चेलोच्या जुन्या रचनांमध्ये सॅराबांद नावाचा एक भाग असतो. तीन मात्रांचा, अतिशय संथ. दुसऱ्या मात्रेवर वजन पडतं, कोणी एक पाऊल टाकून दुसऱ्यावर थबकावं तसं. ऐकताना वाटतं, रिकाम्या देवळात कोणीतरी एकटं बसलंय.

मिसेस फेरेरनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. बेसमेंटच्या जिन्यावर मी आणि शैलाकाकू बसलो होतो.

"सॅराबांद काय होती, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"स्लो डान्स," सानिका म्हणाली.

"नाही. ती आमच्याकडची सगळ्यात उठवळ बाई होती. करताल वाजवत रस्त्यात नाचायची. पाद्र्यांनी तिच्यावर बंदी घातली, गाणाऱ्याला चाबकाची शिक्षा होती. मग ती देश सोडून गेली. आधी फ्रान्सला, मग जर्मनीला. तिकडच्या दरबारात तिला हळू चालायला शिकवलं, चांगले कपडे घातले. चेलोपर्यंत पोचली तेव्हा ती अशी झाली होती. लोकांना वाटतं ती दुःखी आहे. मला वाटतं, ती फार लांबून आली आहे."

"सो?" सानिका म्हणाली.

"सो, तुला दुःखी वाजवायचं असेल तर जन्मभर वेळ आहे. ऑडिशनला सार्दाना वाजव."

मला त्यांचा तेव्हा राग आला. पोरीचा बाप गेलाय आणि ही बाई तिला नाचायला सांगते. घरी येताना गाडीत मी तसं बोलूनही दाखवलं. शैलाकाकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "डॉक्टर असताना मीपण असलंच काहीतरी सांगायचे आयांना. बरोबर होतं की नाही, देवाला ठाऊक."

पुढच्या वेळी मिसेस फेरेरनी मला आणि शैलाकाकूंनाही जिन्यावरून खाली बोलावलं. चेलो बाजूला, खुर्च्या भिंतीला. त्यांनी एक जुनी कॅसेट लावली. "पर्स इथं ठेवा, मध्ये," त्या मला म्हणाल्या. मला वाटलं अडचण होते म्हणून. तसं नव्हतं. सार्दाना नाचताना लोक आपल्या पिशव्या, कोट, सगळं गोलाच्या मधोमध टाकतात. चोरीची भीती नको आणि हात मोकळे. मी पर्स ठेवली, शैलाकाकूंनी शाल ठेवली, सानिकानं बॅकपॅक. तो ढिगारा मला अजून दिसतो. परक्या देशात, परक्या बेसमेंटमध्ये, आमच्या पासपोर्टसकट पडलेला. त्या महिन्यांत मी पासपोर्ट घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते.

नाच अवघड नव्हता. छोटी पावलं असतात तेव्हा हात खाली, लांब पावलं आली की हात खांद्यांच्या वर. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. गंमत म्हणजे कोणीही हसत नाही. नाचणारे मनातल्या मनात पावलं मोजत असतात, म्हणून चेहरे परीक्षेला बसल्यासारखे. शैलाकाकू दोनदा चुकल्या आणि सांगलीच्या भाषेत स्वतःलाच काहीतरी बोलल्या. माझा डावा हात सानिकाच्या हातात होता, उजवा मिसेस फेरेरांच्या. मिलिंद गेल्यापासून सानिकानं मला हात धरू दिला नव्हता. त्या दिवशी नियम म्हणून धरला.

एकाएकी मिसेस फेरेरनी माझा हात सोडला आणि त्या गोलातून बाहेर पडल्या.

"थांबू नका!" त्या ओरडल्या. "दोन्हीकडच्यांनी हात जोडा. नाच थांबत नाही!"

मी गोंधळून शैलाकाकूंचा हात धरला. गोल लहान झाला. आम्ही दोन पावलं टाकली असतील, सानिका जागच्या जागी उभी राहिली.

"दॅट्स इट?" तिनं विचारलं. "कोणी निघून गेलं की यू जस्ट क्लोज द गॅप? अँड नोबडी इव्हन नोटिसेस?"

कॅसेट चालूच होती. मिसेस फेरेरनी ती बंद केली नाही.

"कळतं ना," त्या म्हणाल्या. "हात वेगळा लागतो."

सानिका जिना चढून निघून गेली. मी मागे धावले. ती शैलाकाकूंच्या गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून उभी होती आणि तिच्या घशातून जो आवाज येत होता तो मी तिच्या जन्मानंतर कधी ऐकला नव्हता. वरून मेपलची पानं पडत होती, तिच्या पाठीवर, काचेवर. मी ती एकेक करून तिच्या पाठीवरून उचलत राहिले. दुसरं काय करावं हे मला सुचत नव्हतं.

माणसं नाच कशाला करतात, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. आनंद झाला म्हणून नाचतात, असं आपण धरून चालतो. मिसेस फेरेर एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर त्यांच्या गावात निम्म्या घरांत माणूस नव्हता, त्यांचे वडीलही तुरुंगातून परत आले नाहीत, तरी रविवारी चौकात गोल धरला जायचा. राज्यकर्त्यांना ही कॅटलानपणाची खूण आवडायची नाही. कोणी घोषणा देत नव्हतं, कोणी काही बोलतसुद्धा नव्हतं. नुसते हात धरलेले. पुढे त्या बोटीनं अमेरिकेत आल्या आणि तिथं गोल धरायला माणसंच नव्हती. मग असं सगळ्या गावाचं संगीत एका माणसानं, एका खुर्चीत बसून वाजवायचं. ती रचना मला अजूनही ऐकवत नाही. त्यात बासरीवाला आहे, ढोलकी आहे, पावलं आहेत, चौक आहे. हात धरायला तेवढं कोणी नाही.

ऑडिशन एका शनिवारी होती, दुसऱ्या गावच्या शाळेत. लांब कॉरिडॉर, लॉकरला टेकवलेल्या चेलोच्या काळ्या पेट्या, कॉफीचे थर्मास घेऊन बसलेले आईबाप. परीक्षक पडद्यामागे बसतात. मुलांना नाव सांगायचं नसतं, एक शब्दही बोलायचा नसतो, आवाजावरून ओळख पटू नये म्हणून. नुसता नंबर. सानिकाला गाडीत मी परत एकदा विचारलं होतं, जायचं का नक्की? निवड झाली तरी कॉन्सर्टच्या आत आपण भारतात असू.

"आय नो," ती म्हणाली. "यू डोन्ट हॅव टू कीप सेइंग इट, आई."

दार बंद झालं. मग ती शीळ ऐकू आली, बारीक, लांबून आल्यासारखी. आणि मग नाच सुरू झाला. मला वाटत होतं ती रडवेली वाजवेल, अडखळेल. तिनं तसलं काही केलं नाही. ती तोल सांभाळून, मजेत, ठणठणीत वाजवत होती. शेजारी शैलाकाकूंचा पांढरा स्नीकर ताल धरत होता. समोरचा एक कोरियन बाप मान डोलावत होता. आणि मी तिथं बसून आतल्या आत पेटले. हिला जमलंच कसं? तीन महिने झाले नाहीत. मला अजून त्याच्या शर्टांचं कपाट उघडता येत नाही आणि ही नाचते आहे. स्वतःच्या मुलीचा असा हेवा वाटू शकतो, हे मला त्या कॉरिडॉरमध्ये कळलं.

ती बाहेर आली तेव्हा ताप उतरल्यासारखी दिसत होती, कपाळावर घाम, ओठ कोरडे.

"कसं झालं गं?" शैलाकाकूंनी विचारलं.

"लेझीम झालं," ती म्हणाली आणि चेलो पेटीत ठेवायला खाली बसली. आम्हाला तिचा चेहरा दिसू नये एवढा वेळ ती पेटीची बक्कलं लावत राहिली.

तिची निवड झाली, पुढच्या रांगेत. ही बातमी मिसेस फेरेरनी फोनवर दिली आणि पलीकडून त्या नाक ओढत होत्या. नकाराचा फोन मी करणार होते, पण सानिकानं तो माझ्या हातून काढून घेतला. खोलीच्या मध्यभागी, अर्ध्या भरलेल्या खोक्यांमध्ये उभं राहून तिनं मोठ्या बाईच्या इंग्रजीत सांगितलं की आम्ही देश सोडून जातो आहोत, मला येता येणार नाही. पलीकडची बाई भली होती. थँक यू फॉर लेटिंग अस नो, ती म्हणाली. लगेच दुसऱ्या कोणाला बोलावलं असणार. तशीच पद्धत असते.

त्यानंतरच्या शेवटच्या क्लासला मिसेस फेरेरनी तिला काही शिकवलं नाही. "आता वाजव तुझी सॅराबांद," म्हणाल्या. सानिकानं वाजवली. बाहेर बर्फ पडायला सुरुवात झाली होती आणि बेसमेंटच्या त्या जमिनीलगतच्या खिडकीतून नुसता पांढरेपणा दिसत होता. तिसऱ्या दिवशी आम्ही चेलो दुकानात परत केला. माणसानं तो पेटीतून काढला, उलटसुलट करून ओरखडे पाहिले, "यू टुक गुड केअर ऑफ इट" म्हणाला आणि मागच्या रांगेत, तशाच दिसणाऱ्या इतर चेलोंच्या शेजारी उभा करून ठेवला. दारातून मी वळून पाहिलं तेव्हा आमचा कुठला हे मला सांगता आलं नसतं. सानिकानं वळून पाहिलं नाही.

नागपुरात तेव्हा चेलो कुठं मिळणार? व्हायोलिन मिळेल, दुकानदार म्हणाले. ती नको म्हणाली. माझ्या माहेरी, धरमपेठेत, आम्हाला मागची खोली मिळाली. मला एका कॉलेजात नोकरी लागली. सानिका दहावीच्या क्लासला जायला लागली, मराठी निबंधाला घाबरायला लागली, स्कूटी शिकली. आता ती पुण्यात आर्किटेक्चर करते, ज्या शहरात तिचा बाप लेझीम खेळला त्याच शहरात. तिच्या मैत्रिणींना ती कधीकाळी काही वाजवायची हे ठाऊकसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणते, "सोड ना, आई." शैलाकाकू अजून दिवाळीला फोन करतात. मिसेस फेरेरांचा एकदाच आला होता, आम्ही परतल्यानंतरच्या फेब्रुवारीत. त्या कॉन्सर्टला जाऊन आल्या होत्या. सानिकाच्या खुर्चीवर कोण होतं, असं सानिकानं विचारलं. एक उंच मुलगी, त्या म्हणाल्या, बरी वाजवते. मग दोघी जणी बराच वेळ फोन धरून होत्या, नुसत्या. परदेशचा कॉल, मिनिटं जात होती, आणि मी दोघींनाही थांबवलं नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातली एक दुपार. कूलर चालू होता, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले, माझी आई आत झोपली होती. मी पलंगावर पडून पेपर तपासत होते. सानिका येऊन शेजारी बसली आणि तिनं डावा हात माझ्यासमोर उलटा धरला.

"आई, बघ."

चेलोच्या तारा जाड असतात. रोज दाबून दाबून वाजवणाऱ्याच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, आणि अंगठ्याच्या कडेलाही एक. सानिकाचे इतके टणक होते की लहानपणी ती गरम पोळी तव्यावरून उचलून मला घाबरवायची. मी चष्मा लावून पाहिलं. करंगळीच्या टोकावर तेवढं थोडं कातडं सुटत होतं, बाकी काही नव्हतं.

"गेले," ती म्हणाली.

मी पेपर बाजूला ठेवले. तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं, सावकाश, पुन्हा पुन्हा. तिनं हात काढून घेतला नाही. सगळी बोटं मऊ होती.